बावीस गुरुवार

माझ्या आईला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि तिला कुणी मारलं हे मला मागच्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कळलं. 'मारलं' हा शब्द माझ्यासोबत काम करणाऱ्या निलोफरला फार वाटतो. ती म्हणते, 'मरू दिलं' असं म्हण. मी दोन्ही शब्द मनाशी म्हणून पाहिले. मला पहिलाच बरोबर वाटतो.

मी ऋजुता आरबोळे. मिरजेच्या एका संशोधन संस्थेत आम्ही 'स्पर्शक' नावाचं यंत्र बनवतो. दिसायला ते यंत्र वाटतच नाही, जाडसर दुलईसारखं दिसतं. रुग्णाला आडवं करायचं आणि ते अंगावर पांघरायचं. आतल्या बोटांच्या टोकांसारख्या हजारो मऊ बोंड्या अंग हलकेच दाबतात, कातडी आणि तिच्याखालचे थर किंचित सरकवून बघतात आणि कुठे किती ओढ लागते ते मोजतात. बारा मिनिटांत पडद्यावर शरीराचा नकाशा उमटतो: दुखतंय इथे, ओढ येतेय तिथून. दोन वर्षं हे यंत्र तीस आरोग्यकेंद्रांत चाचणीला आहे. या महिन्याच्या तीस तारखेला त्याची आवृत्ती कायमची बंद व्हायची होती, म्हणजे नंतर त्यात कानामात्रेचाही बदल करता येणार नाही, आणि मग ते राज्यभर जाणार होतं.

यामागची विद्या ऑस्टिओपॅथीची. ही हाताने शरीर वाचायची विद्या आहे. यकृताला सूज आली तर कधी कधी उजवा खांदा दुखतो, हे कुठलाही डॉक्टर मान्य करेल. छाती आणि पोट यांच्यामधे श्वासपटलाचा पडदा असतो. त्याची नस मानेतून निघते, खांद्याच्या कातडीची नसही जवळपास त्याच मुळातून निघते, आणि मेंदूला निरोप आला की कुणाकडून आला यात त्याची गफलत होते. ऑस्टिओपॅथी याच्याही पुढे जाते. ती म्हणते, सगळे अवयव एकाच अखंड पातळ आवरणात गुंडाळलेले आहेत. विणलेल्या स्वेटरचा एक धागा खाली ओढला तर वर बाही आखडते, तसं पोटातल्या एका चिकटलेल्या जागेमुळे पाठ किंवा मान आखडू शकते. म्हणून दुखणाऱ्या जागेवर विश्वास ठेवायचा नाही, कारण दुसरीकडे शोधायचं. यातलं खरं किती आणि मनाचे खेळ किती, हे तपासण्यात माझं आयुष्य गेलं. निम्मं खरं निघालं, म्हणजे कमी नाही.

मला हे शिकवलं डॉ. सदानंद केरूर यांनी. सर परदेशात शिकून मिरजेत परतले तेव्हा गावातले डॉक्टर त्यांना पाठीमागे 'मालिशवाला' म्हणायचे. काही जण तोंडावरही म्हणायचे. पण सरांचे हात विलक्षण होते हे मी आजही कबूल करते, आणि ते कबूल करताना माझे दात आवळले जातात. २०२४ साली संस्थेने त्यांच्यासाठी रेशमासारखे पातळ हातमोजे बनवले. बोटांचा दाब, कंप, सरकणं, सगळं त्यात नोंदलं जायचं. सरांनी सहा हजार वेळा ते घालून रुग्ण तपासले. स्पर्शक शिकला तो त्याच नोंदींवर आणि त्या रुग्णांना पुढे काय निघालं यावर; कुठल्या नोंदीतून तो काय शिकला, हे मात्र आम्हाला दिसत नसे.

त्यातली एक गोष्ट आमच्या यंत्राचा प्राण आहे. तिला आम्ही 'थबक' म्हणतो. तपासताना बोटांना काही अनपेक्षित लागलं की ती पाऊण सेकंद थांबतात, दाब थोडा सैल होतो आणि बोटं पुन्हा त्याच जागी येतात. तपासणाऱ्याला स्वतःलाही हे कळत नाही. यंदा निलोफर मुजावरने, ती आमच्या नोंदींची प्रमुख, एक नवीन तपासणी बसवली. यंत्राने सरांच्या जुन्या नोंदी पुन्हा वाचायच्या आणि हाताला काय कळलं होतं नि सरांनी कागदावर काय लिहिलं होतं, यातली तफावत काढायची. मान्यतेसाठी ते आवश्यक होतं. तफावत फार निघाली नाही. सर कागदावर प्रामाणिक होते. अपवाद एक.

सोमवारी निलोफरने मला तिच्या टेबलाशी बोलावलं. तिला यादीत फक्त क्रमांक दिसत होते. ती म्हणाली, "हे बघ, रुग्ण चारशे बारा. बावीस नोंदी, सगळ्या गुरुवारच्या. कागदावर बाराव्या बरगडीचा ताण लिहिलाय. हात मात्र पहिल्या दिवसापासून स्वादुपिंडावर थबकतोय."

चारशे बारा हा क्रमांक मी माझ्या हाताने लिहिला होता. मी खुर्चीत बसले आणि तिला सांगितलं की ती माझी आई आहे, शालन आरबोळे. निलोफरने पडदा बंद करायला हात पुढे केला. मी तो धरला आणि सगळ्या बावीस नोंदी लावायला सांगितल्या.

*

२०२५ च्या सप्टेंबरात आईची पाठ दुखायला लागली. मी अठ्ठावीस वर्षांची होते, सरांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, आणि नवीन मुसलमानासारखी कडवी. आईला मीच सरांकडे नेलं. मुलगी ज्या यंत्रावर काम करते त्याला आपला उपयोग होणार म्हणून ती खूश होती. संमतीच्या कागदावर तिने एवढी ठळक सही केली की कागदाला मागून उठाव आला.

सरांच्या शाळेत एक रीत होती. विद्यार्थ्याने पहिली काही वर्षं रुग्णाच्या टाचा धरून बसायचं. सर वर पोटावर, पाठीवर काम करणार आणि आपण पायथ्याशी डोळे मिटून, टाचांमधून वरच्या शरीराची ओढ 'ऐकायची'. मधेच सर विचारणार, काय ऐकू येतंय? बावीस गुरुवार मी आईच्या टाचा धरून बसले. सरांचे हात मला दिसत नव्हते. मी दर वेळी आत्मविश्वासाने सांगायचे, श्वासपटल, सर. ते म्हणायचे, छान.

नोव्हेंबरात आईचं पोटही दुखायला लागलं आणि जेवण जाईनासं झालं. अप्पा, म्हणजे माझे वडील, तासगावला दूध संघात दुधाची फॅट तपासायचे. जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी सांगलीच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीची वेळ घेतली. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, पोटाचं नाही ते, बरगडीचं आहे; सोनोग्राफीत काही दिसणार नाही आणि आई उगाच घाबरून जाईल. मी घरी जाऊन अप्पांशी भांडले. जिथे दुखतं तिथे कारण नसतं, हे मी त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं, चित्रं काढून. मग मी स्वतः फोन करून ती वेळ रद्द केली.

फेब्रुवारीत अप्पा मला न विचारता आईला सांगलीला घेऊन गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. जूनमध्ये आई गेली. तेव्हापासून अप्पा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. जेवलीस का, पोचल्यावर कळव, वीजबिल भर. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि सर तेराव्याला आले होते. मला बाजूला घेऊन, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऋजुता, स्वतःला खाऊ नकोस. मलाही लागलं नव्हतं."

या एका वाक्यावर मी अठरा वर्षं जगले. सरांच्या हाताला जे लागलं नाही ते लागेल असं काहीतरी बनवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मुलीला ही चूक करावी लागणार नाही. लग्न ठरत आलं होतं, ते राहिलं. सण राहिले, प्रवास राहिले. स्पर्शकातला स्वादुपिंडाचा सगळा भाग मी उभा केलाय. माझ्या अपराधाची भरपाई म्हणून.

*

पहिल्या नोंदीत सरांची बोटं आईच्या पोटावर डावीकडे थबकतात. सोडतात, परत येतात. सहा वेळा. गाठ बोटाला लागत नाही, ती फार खोल असते. तिच्याभोवती वरच्या आवरणाचं सरकणं बदलतं, ते लागतं. यंत्राच्या अंदाजाने त्या दिवशी गाठ अकरा मिलिमीटरची होती. तेवढी गाठ कापून काढता येते. बरेच जण त्यानंतर जगतात.

दुसऱ्या नोंदीतही तसंच. तिसरीपासून मात्र थबक नाहीशी झाली, आणि मला वाटलं की हाताने ती जागा सोडली. निलोफरने मान हलवली. तिने बोटांचा मार्ग आखून दाखवला. तिसऱ्या गुरुवारपासून सरांचा हात सगळ्यात आधी सरळ त्याच जागी जात होता. गाठीभोवती चार बिंदू, ठरलेल्या क्रमाने, सारख्याच दाबाने. मग बाकीचा उपचार, बरगड्या, पाठ, मान. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच चार बिंदू, फक्त एकमेकांपासून थोडे लांब.

"हा उपचार नाही," निलोफर हळू आवाजात म्हणाली. "हे मोजमाप आहे."

मी बावीस गुरुवारांचे आकडे एकाखाली एक लिहून काढले. अकरा मिलिमीटरपासून त्रेचाळीसपर्यंत. एक माणूस माझ्या आईच्या पोटात वाढणारं मरण दर गुरुवारी मोजत होता, आणि मी चार फुटांवर तिच्या टाचा धरून बसले होते. तिला जरा हलू देत नव्हते, नोंद बिघडेल म्हणून.

*

सर आता ऐंशीचे आहेत. त्याच सोमवारी दुपारी चारला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते व्हरांड्यात बसून सीताफळ खात होते, बिया एका वाटीत नीट काढून ठेवत. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी दुसरं सीताफळ पुढे केलं. मी ते घेतलं नाही आणि उभीच राहिले.

"सर, आईला पहिल्यांदा हात लावलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

मला वाटलं होतं ते नाकारतील. नाकारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बोटं पुसली.

"पहिल्यांदा शंका होती," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा खात्री."

मग ते बोलत राहिले, शांतपणे, वर्गात बोलायचे तसेच. तीस वर्षं लोकांनी त्यांना मालिशवाला म्हटलं होतं. हाताला कळतं याला पुरावा मागितला होता. तो पुरावा देणारे मोजे हातात आले आणि वर्षभरातच अशी रुग्ण आली. बोलले असते तर शल्यचिकित्सकाने गाठ काढली असती आणि लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने अंदाज मारला, लागला. एका नोंदीने यंत्राला काहीच शिकवता आलं नसतं. अगदी सुरुवातीपासून वाढत जाणाऱ्या गाठीची नोंद जगात कुणाकडेच नव्हती. पाचव्या गुरुवारपर्यंत ते रोज ठरवत होते, पुढच्या वेळी सांगू. नंतर उशीर झाला, आणि उशीर झाल्यावर सांगण्यात काय अर्थ होता.

"उशीर नव्हता झाला," मी म्हणाले. "नोव्हेंबरात अप्पांनी वेळ घेतली होती. तेव्हा गाठ एकोणीस मिलिमीटरची होती. मी तुम्हाला येऊन विचारलं होतं."

त्यांनी बियांची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, तुझ्या यंत्राने आजवर किती जणांच्या गाठी वेळेत शोधल्या? मला आकडा तोंडपाठ होता. त्रेसष्ट. मी सांगितला नाही. माझा आवाज आता चढला होता आणि समोरच्या घरातल्या बाई खिडकीशी येऊन उभ्या होत्या.

"ते सोडा. तेराव्याला मला का सांगितलंत, मलाही लागलं नाही म्हणून? तेव्हा तर नोंदी हातात आल्या होत्या तुमच्या. तेव्हा खोटं कशाला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, हे लिहिताना मला लाज वाटते, पण होती.

"मनाला टोचणी असलेलं माणूस थांबत नाही, ऋजुता. मला न थांबणारं माणूस हवं होतं. माझ्याकडे तेवढी वर्षं उरली नव्हती."

मला मारावंसं वाटलं त्यांना. मी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि चालत राहिले. आईला त्यांनी बावीस आठवडे वापरलं होतं. मला अठरा वर्षं वापरत होते. मी त्यांच्या पाया पडत होते दर गुरुपौर्णिमेला, आणि ते आशीर्वाद देत होते. त्याच दिवशी मी संस्थेच्या समितीकडे सरांविरुद्ध लेखी तक्रार केली, सगळ्या नोंदी जोडून. त्यात मला काही विचार करावा लागला नाही.

*

विचार करायला लावणारी गोष्ट वेगळी होती. मेलेल्या रुग्णाच्या वारसांना त्याच्या नोंदी यंत्रातून काढून घेता येतात, असा आता कायदा आहे. आईचे वारस दोघे, अप्पा आणि मी. दोघांच्याही सह्या लागतात, तीस तारखेच्या आत. निलोफरने मला न विचारताच करून पाहिलं होतं. आईचे बावीस गुरुवार काढले तर स्पर्शक शंभरातल्या एक्याण्णव गाठींऐवजी अठ्ठावन्न ओळखतो. लहान गाठ आठवड्याआठवड्याला कशी वाढत जाते ते त्याला फक्त आईनेच शिकवलेलं आहे. दुसरी नोंद मिळवायची तर दुसऱ्या कुणाला तरी असंच मरू द्यावं लागेल.

बुधवारी मी तासगावला गेले. अप्पा अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते. म्हणाले, चहा ठेवतो. मी म्हटलं, नको, आधी ऐका. मी सगळं सांगितलं, पहिल्या गुरुवारपासून सीताफळापर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तुला ठाऊक नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ती वेळ रद्द केलीस, ती त्याच्या सांगण्यावरनं?"

"हो अप्पा."

त्यांनी पेपर खाटेखाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे मी अठरा वर्षं चुकीच्या माणसावर राग धरून बसलो." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले, अगदी लहान मुलीसारखी आवाज काढून. ते थोपटत राहिले. अठरा वर्षांत त्यांनी मला असा हात लावला नव्हता. मला वाटलं, बाकी काही नको, हे एवढं मिळालं, पुष्कळ झालं.

मग त्यांनी नोंदी काढून घ्यायच्या अर्जाचा कागद मागितला. मी कायद्याचं सांगितलं होतं, तेव्हा त्यांचं लक्ष बरोबर तिथेच अडकलं होतं. त्यांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. माझ्याकडे पेन दिलं.

मी त्यांना एक्याण्णव आणि अठ्ठावन्नचं सांगितलं. शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. त्रेसष्ट माणसांचं सांगितलं, त्यात जतची एक शाळेची बस चालवणारी बाई आहे, तिला दोन लहान मुलं आहेत, तिची गाठ बारा मिलिमीटरची असताना सापडली.

"किती जणी वाचल्या ते मला सांगू नको," अप्पा म्हणाले. "त्यानंबी तुला हेच विचारलं असंल."

विचारलं होतं.

"शालननं सही केली ती बरं व्हायला केली. अभ्यासाला दिली नव्हती मी माझी बायको. आजबी ती तिथं निजलीय त्याच्या हाताखाली. काढ तिला तिथनं."

पेन माझ्या हातात होतं. अप्पा बरोबर बोलत होते, शब्द न् शब्द बरोबर. आईला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारता येणार नव्हतं. सही करायला मला दोन सेकंद लागले असते. अप्पांनी उठून चहा ठेवला असता, आम्ही अंगणात बसून तो प्यायलो असतो, मी रात्री तिथेच राहिले असते. आणि कुठेतरी एखाद्या मुलीच्या आईची पाठ दुखायला लागली असती, आणि त्या दुलईखाली बारा मिनिटं झोपून ती बाई निर्धास्त घरी गेली असती.

मी पेन खाटेवर ठेवलं.

"नाही करणार अप्पा."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी हात काढून घेतला, झटकून नाही, सावकाश.

"मग तुझ्यात न् त्याच्यात फरक काय ऱ्हायला?"

"मी तुम्हाला सांगून करतेय."

"आणि शालनला?"

अप्पांनी कागदाची नीट चौघडी घातली आणि माझ्यापुढे धरली.

"हा घेऊन जा. माझी सही हाय ह्याच्यावर. तुझी न्हाई. तीस तारखेनंतरबी टाकू नको, जपून ठेव."

मी कागद घेतला आणि पर्समध्ये ठेवला. ते आत गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला, म्हणून मी दारापर्यंत गेले. ओट्यावर त्यांनी एकच कप काढला होता.

"पोचल्यावर कळव," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि मी निघाले.